साइनिंगमधून टाइमस्टॅम्प काढला तर नेमकं काय बिघडतं?

बिल्डवाला_सांगली

आम्ही पतसंस्थांसाठी विंडोजवरचं सॉफ्टवेअर बनवतो. रात्रीचा बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बांधणं) जेनकिन्स या आपोआप बिल्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरवर होतो, शेवटी फाइलींवर कंपनीची डिजिटल सही करणारं साइनटूल चालतं. सही कधी झाली त्या वेळेचा शिक्का देणारा बाहेरचा टाइमस्टॅम्प सर्व्हर अधूनमधून उत्तरच देत नाही, बिल्ड लाल होतो म्हणजे फसतो, म्हणून टीममधल्या एकाने स्क्रिप्टमधून टाइमस्टॅम्पचा स्विचच (कमांडमधला पर्याय) उडवला. सही होतेय, प्रॉपर्टीजमध्ये कंपनीचं नाव दिसतंय, कुणाची तक्रार नाही. सही ज्याच्या आधारे होते ते सर्टिफिकेट पुढच्या महिन्यात संपतंय. शाखांमधल्या जुन्या आवृत्त्या बंद पडतील का? आणि वेळच हवी असेल तर आपल्याच सर्व्हरची टाकली तर?

जुना_कंपायलर

टाइमस्टॅम्प असेल तर सही सर्टिफिकेट चालू असताना झाली हे कळतं आणि मुदतीनंतरही ती टिकते; नसेल तर सर्टिफिकेटबरोबर सहीही संपते. तरी बहुतेक ठिकाणी आवृत्त्या बंद पडणार नाहीत, म्हणून तर हे दुखणं उशिरा कळतं. नुसती ईएक्सई विंडोज चालू देतं. पण तोच इन्स्टॉलर मुदत संपल्यावर कुणी चालवला की परवानगीच्या खिडकीत तुमच्या नावाच्या जागी 'अननोन पब्लिशर'. तुमचा अपडेटर सही तपासून फाइल घेत असेल तर तो तिथेच अडेल. आणि एखाद्या संस्थेच्या आयटीवाल्याने सही बघूनच परवानगी देणारे नियम लावले असतील, तर तिथे मात्र फाइल उघडणारच नाही.

७ मार्च २०१८ ला ऑक्युलस रिफ्टचे व्हीआर हेडसेट जगभर बंद पडले, ते यातूनच. एका डीएलएलवर (प्रोग्रॅमला लागणाऱ्या जोडफाइलवर) सही होती, टाइमस्टॅम्प नव्हता, सर्टिफिकेट संपलं. वर गंमत अशी की दुरुस्ती आणणारं सॉफ्टवेअरही सुरू होईना. लोकांना पॅच हाताने उतरवून घ्यावा लागला.

आपल्या सर्व्हरची वेळ चालत नाही, कारण ती आपणच मागे सरकवू शकतो. नोटरीकडे आपण याचसाठी जातो: सही आपली, तारीख त्याच्या रजिस्टरमधली. आरएफसी ३१६१ या टाइमस्टॅम्पच्या प्रमाणित पद्धतीत तुमच्या सहीचा फक्त हॅश (तिच्यावरून काढलेला छोटा ठसा) सर्व्हरकडे जातो, तो त्याला वेळ जोडून, स्वतःची सही ठोकून परत पाठवतो. फाइल तुमच्याकडेच. पत्ता साध्या एचटीटीपीचा असतो हे बघून सुरक्षावाले नाक मुरडतात, मुरडू देत. परत येणाऱ्या त्या दाखल्यावर, म्हणजे टोकनवरच सर्व्हरची सही आहे, वाटेत कुणी हात लावला तर पडताळणीत उघडं पडतं.

साइनटूलमध्ये 'टाइमस्टॅम्प' ही वेगळी कमांड आहे. आधीच सही झालेल्या फाइलवर चालते, सही करायची गुप्त प्रायव्हेट की लागत नाही, ती ज्यात असते ते यूएसबी टोकन कपाटात राहू दे. तेव्हा सही आणि टाइमस्टॅम्प या दोन पायऱ्या करा आणि रीट्राय फक्त दुसरीवर लावा. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हर आहेतच: डिजिसर्ट नाही तर सेक्टिगो, तोही नाही तर ग्लोबलसाइन. सर्टिफिकेट ज्यांचं त्यांचाच सर्व्हर हवा असं काही नाही. स्क्रिप्टमधून सह्या करताना मध्ये किमान १५ सेकंद थांबा, असं सेक्टिगो सांगतं. तुमचे डझनभर डीएलएल धाडधाड जात असतील तर बिल्ड लाल का होतो ते इथेच शोधा. आणि टाइमस्टॅम्पचा स्विच जुना 'टी' नको, आरएफसी ३१६१ वाला 'टीआर' घ्या. त्यामागे हॅशची पद्धत सांगणाऱ्या 'टीडी'ला एसएचए-२५६.

रात्रपाळी

एक राहिलं. प्रायव्हेट की चोरीला गेली तर सर्टिफिकेट एका ठराविक तारखेपासून रद्द होतं. त्याआधीचा टाइमस्टॅम्प असलेल्या सह्या वाचतात. टाइमस्टॅम्प नसेल तर चोराची फाइल कुठली आणि तुमची कुठली हे विंडोजने ठरवायचं कशावरून? सगळ्याच जातात. शिवाय १ मार्च २०२६ पासून कोड साइनिंग सर्टिफिकेट जास्तीत जास्त ४६० दिवसांचंच मिळतं, पूर्वी ३९ महिन्यांपर्यंत मिळायचं. म्हणजे ही मुदतीची कटकट आता जवळपास दरवर्षीची.

बिल्डवाला_सांगली

जुन्या इन्स्टॉलरवर टाइमस्टॅम्प मारून बघितला, लागला. पण साइटवर दिलेला चेकसम (फाइल तीच आहे हे ताडायचा आकडा) आता जुळत नाही. आणि इन्स्टॉलरच्या आतल्या डीएलएलचं काय?

जुना_कंपायलर

जुळणार कसा? टाइमस्टॅम्पचं टोकन फाइलमध्येच जाऊन बसतं. नवा चेकसम टाका, खाली एक ओळ लिहा, नाहीतर फोन येतील.

आतल्या फाइलींना बाहेरचा टाइमस्टॅम्प लागू होत नाही. आधी प्रत्येक ईएक्सई-डीएलएलवर, मग पॅकिंग, मग इन्स्टॉलरवर. म्हणजे पुन्हा बांधणं आलंच. शाखांमध्ये बसलेल्या फाइलीही अपडेटनेच बदलतील, तेव्हा तो सर्टिफिकेट संपायच्या आत सोडा.

आणि साइनटूलच्या सही तपासणाऱ्या 'व्हेरिफाय' कमांडला 'टीडब्ल्यू' स्विच जोडा. टाइमस्टॅम्प नसेल तर साइनटूल नुसता इशारा देऊन एक्झिट कोड (संपताना दिला जाणारा आकडा) २ परत करतं. जेनकिन्सला सांगा, २ आला की बिल्ड पाड. मग स्विच कुणीही उडवो, सकाळी कळेल.