हायलक्सला लिफ्टनंतर कोणते टायर?
दोन इंच लिफ्ट केलेल्या, म्हणजे सस्पेन्शन बदलून बॉडी उंचावलेल्या, टोयोटा हायलक्स पिकअपला 285/70 आर17 टायर (रुंदी 285 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 70 टक्के, रिम 17 इंच) बसवावेत असे काहीजण सुचवतात, पण माझे मत 265/70 आर17 च्या बाजूने आहे. मूळ 265/60 आर18 चा व्यास सुमारे 775 मिमी, तर 285/70 चा 831 मिमी भरतो. म्हणजे स्पीडोमीटर मुळात अचूक धरला तर काटा ताशी 100 किमीवर असताना गाडी 107 ने धावते आणि घाटात इंजिनाची ओढ कमी पडते. 803 मिमीच्या 265/70 ने हा फरक निम्म्यावर येतो. लिफ्टने बॉडी उंचावते, मागचा डिफरन्शियल (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधली, चाकांना शक्ती वाटणारी गिअरपेटी) नव्हे. तो केवळ टायरच्या वाढीव त्रिज्येइतका, 265/70 च्या बाबतीत 14 मिमी, वर जातो. रिमचा ऑफसेट (रिमची मध्यरेषा आणि ती हबला टेकते ती बाजू यांतील अंतर) शक्यतो मूळच ठेवावा, कारण तो कमी केल्यास चाक बाहेर सरकते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवताना टायर मडगार्डच्या आतील अस्तराला घासू शकतो.