पाठीवर करंट देऊन पाय चालू होतात का? मतं सांगा

लातूरकर:
चुलतभाऊ शेळ्यांना पाला तोडताना लिंबावरून पडला, कमरेच्या वर बाराव्या मणक्याला मार, पाय गेले. आता एका सेंटरवाले म्हणायलेत ऑपरेशन नाही काही नाही, पाठीवर पट्ट्या चिकटवून करंट देऊ, पोरगं चालंल. काका एक एकर विकायला निघालेत. माझं मत सरळ हाय, ही लूट हाय, तुटलेली नस करंटनं जुळत नसती.

फिजिओ, नांदेड:
दादा, नस जुळत नाही हे खरंय, पण करंट त्यासाठी देतच नाहीत. एक पट्टी अकराव्या-बाराव्या मणक्यावर, दुसरी पोटावर, त्यानं मज्जारज्जूत (मणक्यांच्या आतल्या मुख्य दोरीत) शिरणारी संवेदनेच्या नसांची मुळं जागी होतात, हे व्हिएन्नातल्या संशोधकांनी 2007 मध्येच दाखवलंय. त्या मुळांतून रज्जूला सतत चालना मिळती आणि मेंदूकडून थोडाबहुत निरोप अजून येत असंल तर तो पायापर्यंत पोचायची शक्यता वाढती, पण सोबत घाम गाळून व्यायाम पाहिजे. लूट म्हणून सगळंच उडवून लावू नका.

परभणीचा:
सर, शास्त्र खरं असंल पण विकायलेत काय ते बघा की. अमेरिकेत औषधं-मशीन तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं डिसेंबर 2024 ला मान्यता दिली ती मानेच्या इजेवरच्या मशीनला, हाताच्या ताकदीसाठी, ते पण इजा अर्धवट, म्हणजे खाली थोडी जाणीव नाहीतर हालचाल शिल्लक असंल तरच. 60 पेशंटचा अभ्यास, 72 टक्क्यांना फायदा. हेच आकडे कमरेच्या पेशंटला दाखवून जमिनी विकायला लावायच्या? मला तर याचा लई राग येतो.

अंबाजोगाईची ताई:
सगळे चालण्यावरच अडून बसलेत. आमच्या ह्यांचे पाय रात्री आपोआप आखडतात, झटके येतात, पलंगावरून खाली सरकतात, घरात कुणालाच झोप नाही. तेवढं थांबलं तरी मी पैसे देईन.

फिजिओ, नांदेड:
ताई, त्याला आधार आहे. 50 हर्ट्झचा करंट अर्धा तास दिला तर ताठरपणा काही तास उतरतो असं छोट्या अभ्यासांत दिसलंय. पण पाठीला संवेदना नसंल तर पट्टीखालची कातडी भाजलेली कळत नाही, दर वेळी उघडून बघा. पेसमेकर असंल तर नकोच.
लातूरकर दादा, भावाचे पाय ताठ हायत का ढिले?

लातूरकर:
एकदम ढिले, मांड्या पार वाळल्यात. गुडघ्याखाली हातोडी मारली तरी हालत नाही.

फिजिओ, नांदेड:
मग अवघड आहे. रज्जू पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्याजवळ संपतो, बाराव्याला मार म्हणजे त्याचं टोक आणि तिथून निघणारी मुळंच चिरडलेली असू शकतात. मुळंच मेली असतील तर हा करंट धरणार कशाला?

परभणीचा:
हेच त्या सेंटरवाल्यानं आधी तपासायला पाहिजे होतं. एमआरआय बघितला का त्यानं?

लातूरकर:
नाही, नुसतं पॅकेज सांगितलं. एमआरआय घेऊन घाटीत, संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, दाखवतो, तवर काकांना सातबाऱ्याला हात लावू देत नाही.

अंबाजोगाईची ताई:
दाखवा, पण पाठीला व्रण पडू देऊ नका भाऊ, दर दोन तासाला कूस बदला. आम्ही त्यातच जास्त भोगलं.