एकाच समाजाची वस्ती असली की गुन्हे कमी होतात का?

पेठकर: माझं स्पष्ट मत, होतात. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत अजून शेजारी किल्ली देऊन लोकं गावाला जातात, नवीन अपार्टमेंटात समोरच्या दारात कोण राहतंय तेच माहीत नसतंय. जपान बघा, जवळपास सगळे एकाच भाषेचे, खून दर लाखाला एक पण नाही. रॉबर्ट पटनम या अमेरिकन प्राध्यापकांनी अमेरिकेत सुमारे 30 हजार लोकांचा सर्वे केलेला, 2007 ला छापला, मिश्र वस्तीत विश्वास कमी निघाला.

फौंड्रीवाला: जपान घेतलात तर जमैका पण घ्या. 90 टक्क्यांवर लोकं एकाच वंशाची, तरी 2022 ला दर लाखामागं 50 च्या वर खून. आणि सिंगापुरात चिनी, मलय, तमिळ सगळे एकाच बिल्डिंगीत, खून जपानइतकेच कमी. पटनमचं पण अर्धंच सांगितलंत, मिश्र वस्तीत लोकं आपल्याच समाजावर पण कमी विश्वास ठेवतात असं निघालेलं आणि लांबच्या काळात हे बदलतं असं ते स्वतःच म्हणतात.

पेठकर: सिंगापुरात 1989 पासून सरकारी घरात प्रत्येक समाजाचा कोटा आहे. म्हणजे आपोआप लोकं मिसळत नाहीत, सरकारला करायला लागतंय. हे माझ्याच बाजूचं झालं की.

शिरोलीची ताई: पेठेतल्या तालमीत मोहरमचा पंजा बसतो आणि गणपती पण बसतो, मग तुमची पेठ एका समाजाची कुठनं झाली? तिथं विश्वास आहे कारण घरं पिढ्यान् पिढ्या तिथंच आहेत. शिकागोत 1997 च्या अभ्यासात विचारलेलं, पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी राहिली तर शेजारी हटकतील का. जिथं हटकतात तिथं हिंसा कमी, आणि जिथं गरिबी एकवटलीय, लोकं सारखी घरं बदलतात, तिथं कोण हटकत नाही. आमच्या गल्लीत फौंड्रीतली बिहारी पोरं अकरा महिन्यांच्या करारावर राहतात, घरमालक पुढं वाढवत नाही, आणि मोबाईल चोरीला गेला की पहिल्यांदा त्यांचीच खोली उघडायला लावतात. ती कुणाला आणि कशाच्या जोरावर हटकणार?

पेठकर: पंजाचं मान्य ताई. पण तालमीत सगळ्यांची भाषा एक, सण पाठ. बिहारी पोरगा तिथं येईल का, आला तर बसवतील का, मला नाही वाटत.

फौंड्रीवाला: बोलावलंय का कधी कुणी?