ट्रेलर जोडला की पिकअपचं ॲव्हरेज निम्म्यावर, मदत हवी आहे

डिझेल पिकअप, ऑटोमॅटिक गिअर. मोकळी गाडी लिटरला 12 देते, मागे उंच बंद ट्रेलर लावला की जेमतेम 6. ट्रेलर रिकामा असला तरी फारसा फरक नाही, म्हणजे वजनापेक्षा हवेचा अडथळाच नडतोय असं वाटतं. टायरची हवा गाडी थंड असताना तपासलीय, ट्रेलरचे ब्रेक घासत नाहीत, एअर फिल्टर नवा आहे. वेग 90 वरून 75 वर आणला की जरा सुधारतं. पण सपाट रस्त्यावरही गिअर सारखा वर-खाली होत राहतो. टो मोड (ट्रेलर ओढतानाची गिअरची सेटिंग) लावला की ते थांबतं, मात्र आरपीएम चढलेलाच. ट्रेलर बदलणं शक्य नाही. सपाटीवर टो मोड चालू ठेवावा की बंद? आणि गाडीच्या टपावर विंड डिफ्लेक्टर (समोरची हवा ट्रेलरच्या वरून वळवणारा पत्रा) बसवून कुणाला खरंच फरक पडलाय का, पडला असेल तर लिटरमागे किती?