शब्दचर्चा : ‘ऑक्सिजन देणे’ की ‘श्वास देणे’?

प्रश्न : प्रसूतिकक्षातल्या परिचारिकांसाठी नवजात बाळाच्या रिससिटेशनची (जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला सावरण्याच्या उपचारांची) टिपणं मराठीत करतो आहे. ‘पॉझिटिव्ह प्रेशर व्हेंटिलेशन’ला (बाहेरून दाबाने फुप्फुसात हवा भरण्याला) ‘ऑक्सिजन देणे’ चालेल का? ‘वायुवीजन’ म्हटलं की खिडक्या-झरोके आठवतात.

उत्तर १ : ‘वायुवीजन’ नकोच, पण ‘ऑक्सिजन देणे’ त्याहून वाईट, त्याने कृतीच बदलते. बाळ श्वास घेत नसेल किंवा ठोके मिनिटाला 100 च्या खाली असतील, तर द्रवाने भरलेली फुप्फुसं दाबाने उघडावी लागतात. नाकाशी नळी धरून ती उघडत नाहीत. शिवाय गर्भारपणाचे 35 किंवा त्याहून जास्त आठवडे भरून जन्मलेल्या बाळाला सुरुवात साध्या हवेने, म्हणजे 21 टक्के ऑक्सिजनने करतात. ‘ऑक्सिजन द्या’ वाचलं की माणूस आधी सिलिंडर शोधतो आणि पहिलं मिनिट तिथेच जातं. सरळ ‘बॅग-मास्कने श्वास द्या, मिनिटाला 40 ते 60’ असं लिहा.

उत्तर २ : सहमत. वॉर्डात सर्रास ‘अँबू करा’ म्हणतात. अँबू हे डेन्मार्कच्या कंपनीचं नाव. बोलताना ठीक, टिपणात ‘आपोआप फुगणारी बॅग’ लिहा. त्यातला ‘आपोआप’ गाळू नका. दुसऱ्या प्रकारची बॅगही फुगतेच, पण वायूचा प्रवाह जोडल्यावर. नाहीतर चपटी पडून राहते. टी-पीसलाही (ठरवून दिलेल्या दाबाने श्वास देणाऱ्या उपकरणालाही) प्रवाह लागतो. सिलिंडर संपला तर हाताशी उरते ती आपोआप फुगणारीच.

प्रश्नकर्ता : मग ‘फ्री-फ्लो ऑक्सिजन’? आणि टी-पीसचे दाब?

उत्तर १ : दाब न देता बाळाच्या नाका-तोंडाशी नुसता सोडलेला तो ‘मोकळा ऑक्सिजन’ म्हणा, आणि लगेच खाली लिहा : श्वास घेणाऱ्या बाळासाठीच, आणि आपोआप फुगणाऱ्या बॅगच्या मास्कमधून नाही. तिची झडप बॅग दाबल्यावरच उघडते, त्यामुळे नुसता मास्क धरून बाळापर्यंत भरवशाचा ऑक्सिजन पोचत नाही. ‘रिझर्व्हॉयर’ (बॅगला मागे जोडलेला, ऑक्सिजन साठवणारा भाग) हा शब्द तसाच ठेवा. तो नसेल तर ऑक्सिजन जोडूनही बाळाला साधारण 40 टक्केच मिळतो. असेल तर 90 ते 100.

उत्तर २ : टी-पीसवर दोन आकडे : ‘श्वास भरतानाचा कमाल दाब’ 20 ते 25 आणि ‘श्वास सोडल्यावर टिकणारा दाब’ 5. एकक ‘सेंटिमीटर पाणी’. ‘पाण्याचा दाब’ लिहिलंत तर कुणीतरी नळाचा समजेल!

टिपणात ‘छाती वर येत नसेल तर दाब वाढवा’ असं वाक्य असेल तर ते मात्र बदला. आधी मास्क नीट बसवा, मान सरळ करा. मग तोंड-नाकातला स्राव काढा, तोंड किंचित उघडा. दाबाची पाळी त्यानंतर. बहुतेक वेळा मास्कच्या कडेने हवा निसटत असते.

उत्तर १ : आणि ‘ऑक्सिजन वाढवणे’ ही वेगळी पायरी ठेवा. ती उजव्या हाताला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरवर ठरते. त्यावर अपेक्षित आकडे : जन्मानंतर पहिल्या मिनिटाला 60 ते 65 टक्के, पाचव्याला 80 ते 85. दुसऱ्या मिनिटाला 68 दिसले म्हणून ऑक्सिजनचा नॉब फिरवायचा नाही. छाती दाबायची वेळ आली तर मात्र 100 टक्के ऑक्सिजन.