मदत हवी आहे: विंडोज नव्याने टाकल्यावर लॅपटॉपची वरची खास बटणं बंद

तापीकाठ (चोपडा)
काल जळगावला लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकून घेतलं. घरी येऊन बघतो तर वरच्या ओळीतली खास बटणं बंद. स्क्रीनचा उजेड कमी होत नाही, विमानाचं चित्र असलेलं बटण दाबून काही होत नाही. उद्या ११ वाजता पालकसभेत प्रोजेक्टर लावायचाय, तेही बटण गेलंय. दुकानदार फोनवर म्हणतो, "घेऊन या, बघू." चोपडा-जळगाव-चोपडा म्हणजे अख्खा दिवस गेला. ज्याला माहीत असेल त्याने सरळ उपाय सांगा. रात्री पेपर तपासून गुण भरायचेत आणि स्क्रीन डोळ्यांत घुसतेय.

भुसावळ_जंक्शन
सर, कंपनी कोणती? मॉडेल? विंडोज १० की ११? आवाजाची बटणं चालतात की तीही बंद?

केळीबाग (रावेर)
कीबोर्ड बदलून टाका. माझ्या लॅपटॉपची पण चार बटणं अशीच गेली होती. मळ्यातल्या शेडमध्ये ठेवायचो, एप्रिल-मेमधलं आपलं ऊन आणि ती धूळ, कीबोर्ड टिकतच नाही. नवीन बसवला, दोन वर्षं झाली, तक्रार नाही.

तापीकाठ
कीबोर्डला काही झालेलं नाही हो. परवापर्यंत सगळं चालू होतं, अक्षरं सगळी उमटतात. विंडोज टाकल्यावरच झालंय.

लिनक्सप्रेमी (धुळे)
लिनक्स मिंट टाका. बहुतेक लॅपटॉपचे ड्रायव्हर (सिस्टीमला लॅपटॉपचे भाग चालवायला लागणारे छोटे प्रोग्रॅम) त्याच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच असतात, वेगळं काही शोधायला लागत नाही. आमच्या घरातल्या तिन्ही लॅपटॉपवर पहिल्या दिवसापासून उजेडाची बटणं चालू आहेत. विंडोज १० टाकून दिलं असेल तर तसंही १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट थांबवलाय.

भुसावळ_जंक्शन
त्यांची उद्या सभा आहे, आज रात्री अख्खी सिस्टीम कशाला बदलायला लावता? सर, मॉडेल सांगा ना.

सातपुडा_७७ (शहादा)
एफएन (Fn लिहिलेलं बटण) आणि एस्केप एकत्र दाबा, एफएन लॉक सुटेल. नाही सुटलं तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) हॉटकी मोड म्हणून पर्याय असतो, तो बदला. बायोसचंच काम आहे हे, ड्रायव्हरचा काही संबंध नाही.

भुसावळ_जंक्शन
संबंध कसा नाही? हॉटकी मोड एवढंच ठरवतो की नुसतं एफ ११ दाबायचं की एफएन धरून दाबायचं. यांचं दोन्ही प्रकारे चालत नसेल तर बायोस बदलून काय होणार? आणि विंडोज टाकल्याने बायोसची सेटिंग बदलत नाही.

तापीकाठ
दोन्ही प्रकारे दाबून पाहिलं. लेनोवो आयडियापॅड आहे, विंडोज ११. आवाजाची बटणं चालतात, ते लिहायचं राहिलं.

अमळनेरची_ताई
प्रोजेक्टरसाठी ते बटण नाही लागत सर. विंडोजचं बटण धरून पी दाबा, डुप्लिकेट निवडा. मी वर्गात रोज तसंच करते. बरं, मला एक विचारायचं होतं, नवीन विंडोजवर मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड कुठून चालू करायचा?

तापीकाठ
ताई, करून बघितलं. डुप्लिकेट निवडलं तरी प्रोजेक्टरवर चित्र येत नाही.

भुसावळ_जंक्शन
हे आधी सांगायला हवं होतं! सर, दोन गोष्टी बघा. उजवीकडे खाली घड्याळाशेजारच्या वायफायच्या चित्रावर क्लिक केल्यावर उजेडाची सरकपट्टी दिसते का? आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली लॅपटॉपच्या भागांची यादी) डिस्प्ले अडॅप्टरखाली काय लिहिलंय?

तापीकाठ
पट्टी नाहीच. "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" लिहिलंय. अक्षरंही पसरट दिसतात, मला वाटलं नवीन विंडोज असंच असेल. खाली एक "अननोन डिव्हाइस" आहे, पिवळा त्रिकोण.

भुसावळ_जंक्शन
मग बटणं ठीक आहेत, दुकानात ग्राफिक्सचा ड्रायव्हरच टाकलेला नाही. बेसिक अडॅप्टर म्हणजे नुसतं चित्र दिसण्यापुरती तात्पुरती सोय. त्याला ना उजेड बदलता येतो, ना दुसरा पडदा. म्हणून बटण, पट्टी, प्रोजेक्टर तिन्ही एकदम गेले. आवाजाची बटणं विंडोज स्वतःच ओळखतं, म्हणून ती वाचली.

लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरीयल नंबर लेनोवोच्या सपोर्ट साइटवर टाका. आधी चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर, मग ग्राफिक्सचा. त्या अननोन डिव्हाइसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथे व्हीपीसी २००४ दिसलं तर तो लेनोवोचा व्हर्च्युअल पॉवर कंट्रोलर. साइटवर पॉवर मॅनेजमेंटखाली शोधा. विमानाचं बटण त्याच्यामुळे अडलंय. आणि सगळं झाल्यावर शटडाउन नको, रीस्टार्टच करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनने विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही.

सातपुडा_७७ (शहादा)
एवढं कशाला? सगळे ड्रायव्हर एकदम टाकणारं सॉफ्टवेअर मिळतं, एका क्लिकवर काम.

भुसावळ_जंक्शन
नको. तसल्यांतली बरीच सोबत नको ते प्रोग्रॅम घुसवतात, वर चुकीचा ड्रायव्हरही बसू शकतो. माझ्या भाचीचा टचपॅड त्यात गेला होता. त्यापेक्षा विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स इथे बघावं, बऱ्याचदा तिथेच मिळून जातात.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
मना बी आसंच व्हयेल व्हतं भो. ग्राफिक्सना ड्रायव्हर टाका, बठ्ठं चालू व्हई गयं. घाबरू नका मास्तर.

तापीकाठ
मोबाइलच्या नेटवर उतरवतोय. रोजचा दीड जीबी, त्यातला बराच सकाळी संपला. पुरेल का?

भुसावळ_जंक्शन
ग्राफिक्सचाच मोठा असतो, तो पहिला उतरवा. पॉवर कंट्रोलरचा अगदी लहान आहे, राहिला तर उद्या. सभेला विमानाचं बटण लागणार नाही.

तापीकाठ
ग्राफिक्स बसलं! मध्ये स्क्रीन दोनदा काळी झाली तेव्हा पोटात गोळा आला. रीस्टार्ट केलं, एफ ११ ने उजेड कमी झाला, अक्षरंही पूर्वीसारखी. टीव्हीला केबल लावून पाहिली, चित्र येतंय. हार्डवेअर आयडीत व्हीपीसी २००४ च आहे, पण डेटा संपला, १२ नंतर तो टाकतो. भुसावळवाले भाऊ, मनापासून आभार. सुरुवातीला तोडून बोललो, राग मानू नका.

अमळनेरची_ताई
छान झालं सर. माझं इन्स्क्रिप्टचं कोणी सांगेल का?

भुसावळ_जंक्शन
ताई, सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन. तिथे अॅड अ लँग्वेज करून मराठी घ्या, कीबोर्ड सोबत येतो. नंतर विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.