ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी हॅचबॅक एरवी सरळ चालते, पण 60 च्या वेगात ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. हवा दोन्हीकडे सारखी आहे, चाकांचं अलाइनमेंट (चाकं सरळ रेषेत आणणं) नुकतंच केलंय. पुढचे टायर डावे-उजवे बदलले तरी ओढ डावीकडेच, म्हणजे टायरचा दोष नसावा. चालवून आल्यावर उजवी डिस्क (चाकामागची ब्रेकची चकती) डावीपेक्षा बरीच गार असते, म्हणजे उजवा ब्रेक कमी लागतोय (नुसता जवळ हात धरून बघा, स्पर्श केला तर भाजतं). त्यामुळे उजव्या कॅलिपरची (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिन जाम झाली असेल किंवा तिकडचा ब्रेक होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आतून बंद झाला असेल, अशी शंका आहे. मेकॅनिक मात्र थेट लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश बदला म्हणतोय. आधी काय उघडायला सांगू? आई-बाबांना घेऊन कुंभार्ली घाट उतरायचाय, म्हणून काळजी वाटते.